शेतीचा, धंद्याचा आणि घरचा पैसा : मराठवाड्यातील लहान व्यावसायिकाने जमाखर्च आणि आयकर विवरणपत्र कसे सांभाळावे

मराठवाड्यात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या माणसाचे उत्पन्न बहुधा एकाच वाटेने येत नाही. लातूरच्या मोंढ्यात आडत करणाऱ्याची गावाकडे जमीन असते, छत्रपती संभाजीनगरात बसून पुण्याच्या कंपनीसाठी संगणकप्रणाली तयार करणाऱ्या तरुणाचे सातबाऱ्यावर नाव असते, आणि परभणीतला कृषी सेवा केंद्राचा मालक सोयाबीनचे बियाणे विकतो तसे सोयाबीन पिकवतोही. हा सगळा पैसा एकाच बचत खात्यात जमा होतो, त्याच खात्यातून मुलांची फी, खताची गाडी आणि महिन्याचा किराणा भागवला जातो, आणि विवरणपत्राचे दिवस आले की वर्षभराचा तो गुंता एका बैठकीत सोडवायचा असतो. आयकराच्या बहुतेक अडचणी कायदा अवघड असल्यामुळे निर्माण होत नाहीत, त्या या सरमिसळीतून निर्माण होतात, असे माझे ठाम मत आहे. म्हणून हे मार्गदर्शन कलमांपासून सुरू न करता खात्यांपासून सुरू केले आहे.

तीन खाती, एक कीर्द

व्यवसायासाठी बँकेत स्वतंत्र चालू खाते उघडावे आणि दुकानाच्या गल्ल्यावर लावलेला क्यूआर कोड त्याच खात्याला जोडावा. शेतमाल विकल्यावर आडत्याकडून जी पट्टी मिळते, तिचे पैसे दुसऱ्या खात्यात घ्यावेत. घरखर्चासाठी तिसरे खाते असावे आणि त्यात दर महिन्याला व्यवसायाच्या खात्यातून ठरावीक रक्कम वळती करावी. ही रक्कम कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, मालकाची उचल म्हणून नावे टाकायची असते, तो व्यवसायाचा खर्च नसतो. दुकानाच्या पैशातून स्वतःच्या शेतासाठी बियाणे घेतले, तर तीही उचलच होय, कारण शेतीचा खर्च दुकानाच्या नफ्यातून वजा होत नाही. उलट कापसाच्या पट्टीचे पैसे दुकानात घातले, तर ते मालकाने आणलेले भांडवल म्हणून जमा दाखवावे, कारण तसे न केल्यास पुढे कोणी विचारल्यावर ती रक्कम विक्रीचीच समजली जाण्याचा धोका असतो.

कीर्द वहीत ठेवावी, एक्सेलमध्ये ठेवावी की टॅलीत, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. महत्त्वाचे हे की ती रोजच्या रोज लिहिली जावी आणि रोख व बँक असे दोन रकाने वेगळे असावेत. उदाहरणादाखल एका दिवसाची नोंद पाहू. सकाळी गल्ल्यात ६,४०० रुपये शिल्लक होते, दिवसभरात रोख विक्री १८,२५० रुपयांची झाली, हमालीचे ६५० आणि टेंपोच्या भाड्याचे १,८०० रुपये रोख गेले, दुपारी बँकेत १५,००० रुपयांचा भरणा केला. संध्याकाळी गल्ल्यात ७,२०० रुपये असायला हवेत. फोनपेवर आलेले ११,३०० रुपये बँकेच्या रकान्यात जातात, रोखीत मिसळत नाहीत. गल्ल्यातली प्रत्यक्ष रोख मोजून ७,२०० भरली नाही, तर चूक त्याच संध्याकाळी सापडते, कारण दिवसभरात कोण आले आणि कोणाला काय दिले हे डोक्यात ताजे असते. महिन्याने तीच तफावत शोधणे जवळपास अशक्य होते.

उधारीची वही मात्र स्वतंत्र हवी आणि तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते निराळे हवे. आपल्याकडे जूनमध्ये दिलेल्या बियाण्याचे पैसे सोयाबीनची सुगी झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे येतात. विक्री ज्या दिवशी झाली तो दिवस आणि पैसे ज्या दिवशी आले तो दिवस, या दोन्ही तारखा लिहिलेल्या असल्या, तर मार्चअखेरचे येणे किती होते हे सांगता येते. लक्ष्मीपूजनाला नवी वही घालण्याची रीत आनंदाने पाळावी, पण हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च हेच असल्यामुळे येणे, देणे, मालसाठा आणि रोख शिल्लक यांची मोजणी ३१ मार्चच्या संध्याकाळी करून ठेवावी.

रोखीच्या व्यवहारांवर कायद्याच्या काही मर्यादा आहेत. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक खर्चाची रक्कम रोखीने दिली, तर प्रत्यक्ष नफा दाखवणाऱ्याला तो खर्च वजा मिळत नाही. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५,००० रुपये आहे. शेतमाल प्रत्यक्ष पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडून खरेदी केला, तर त्याला दिलेल्या रोखीला या नियमातून सूट आहे, म्हणून मोंढ्यातील खरेदीदाराने शेतकऱ्याचे नाव आणि गाव असलेली पट्टी जपून ठेवावी. हातउसने २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोखीने घेणे आणि एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारापोटी दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे, या दोन्हींसाठी तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. नात्यातल्या आणि भावकीतल्या व्यवहारात हा नियम सर्रास विसरला जातो.

अनुमानित नफ्याची सवलत कोणाला

आयकर अधिनियम, १९६१ मधील कलम ४४एडी, ४४एडीए आणि ४४एई ही लहान व्यावसायिकाच्या सर्वांत उपयोगाची कलमे होत, कारण ती प्रत्यक्ष नफ्याच्या हिशेबाऐवजी अंदाजाने धरलेला, म्हणजे अनुमानित, नफा दाखवू देतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ अमलात आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि आर्थिक वर्ष व निर्धारण वर्ष यांच्या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे. तथापि आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाला जुनाच अधिनियम लागू असल्यामुळे आणि व्यवहारात जुनेच क्रमांक बोलले जात असल्यामुळे येथे तेच वापरले आहेत.

दुकानदार, लहान कारखानदार किंवा ठेकेदार यांची उलाढाल दोन कोटी रुपयांपर्यंत असेल, तर ४४एडीनुसार रोख उलाढालीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या उलाढालीवर ६ टक्के नफा धरून कर भरता येतो. रोखीने आलेली रक्कम एकूण उलाढालीच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसेल, तर ही मर्यादा तीन कोटींपर्यंत जाते. समजा एका दुकानाची वर्षाची विक्री ८० लाख रुपये असून त्यातील ५० लाख यूपीआय आणि धनादेशाने, तर ३० लाख रोखीने आले. मग नफा अनुक्रमे ३ लाख आणि २ लाख ४० हजार, म्हणजे एकूण ५ लाख ४० हजार धरला जाईल. मार्चमध्ये उधारीवर दिलेल्या मालाचे पैसे विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी बँकेमार्फत आले, तर त्यांनाही ६ टक्क्यांचा दर मिळतो. उधारीच्या वहीत वसुलीची तारीख आणि प्रकार लिहिण्याचा आग्रह मी धरतो तो याचसाठी.

ठरावीक पेशांतील लोकांसाठी ४४एडीए आहे. डॉक्टर, वकील, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावटकार, माहिती तंत्रज्ञानाचे काम करणारे अशा अधिसूचित पेशांना एकूण जमेच्या ५० टक्के रक्कम नफा म्हणून दाखवता येते. त्यासाठी मर्यादा ५० लाखांची, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांची आहे. या यादीत नसलेले काम, उदाहरणार्थ भाषांतर किंवा लग्नसमारंभाचे छायाचित्रण करणाऱ्याने ४४एडीए परस्पर लावून घेऊ नये, आधी सनदी लेखापालाला विचारावे. मालवाहू गाड्यांच्या मालकासाठी ४४एई असून दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला ते वापरता येते.

या सवलतीविषयी तीन गैरसमज फार रुजलेले आहेत. पहिला म्हणजे ८, ६ किंवा ५० टक्के हा ठरलेला नफा आहे, असा. प्रत्यक्षात ती किमान पातळी आहे, नफा त्याहून जास्त झाला असेल तर तो जास्तच दाखवायला हवा. दुसरा असा की भाडे, वीज, संगणक असे खर्च वरून पुन्हा वजा करता येतात. ते त्या टक्केवारीतच धरलेले असतात. तिसरा गैरसमज, म्हणजे ही सवलत हवी त्या वर्षी घेता आणि सोडता येते हा, सर्वांत महाग पडतो. ४४एडी एकदा निवडून पुढील पाच वर्षांत एखाद्या वर्षी कमी नफा दाखवून बाहेर पडले, तर त्यानंतर पाच वर्षे ही सवलत मिळत नाही, आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असल्यास हिशेबाची पुस्तके ठेवून लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते.

आडत्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण दलाली किंवा कमिशनच्या उत्पन्नाला आणि एजन्सीच्या धंद्याला ४४एडी लागूच होत नाही. कच्चा आडत्या शेतकऱ्याचा माल शेतकऱ्याच्याच वतीने विकत असल्यामुळे त्याची उलाढाल म्हणजे केवळ त्याची आडत. पक्का आडत्या स्वतःच्या जबाबदारीवर खरेदी-विक्री करत असल्यामुळे त्याची सगळी विक्री उलाढालीत मोजली जाते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९८६ च्या परिपत्रक क्रमांक ४५२ मध्ये हा फरक स्पष्ट केलेला आहे. एकाच पेढीवर दोन्ही प्रकारचे व्यवहार होत असतील, तर दोहोंची खतावणी (खातेवार नोंदींची वही) वेगळी ठेवल्याशिवाय उलाढालीचा आकडा खात्रीने सांगता येणार नाही.

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, पण अदृश्य नाही

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, म्हणून ते विवरणपत्रात दाखवायचीच गरज नाही, अशी समजूत आपल्या भागात घट्ट आहे. ती चुकीची आहे. निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असून इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेती उत्पन्न जमेस धरले जाते. नव्या कररचनेनुसार आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढील प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यावर अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के कर आहे. आता एखाद्याचे व्यवसायाचे उत्पन्न १३ लाख आणि शेतीचे ४ लाख असेल, तर १७ लाखांवरचा कर १,४०,००० रुपये येतो. त्यातून करमुक्त मर्यादेचे ४ लाख अधिक शेतीचे ४ लाख, म्हणजे ८ लाखांवरचा २०,००० रुपये कर वजा करायचा. उरलेल्या १,२०,००० रुपयांवर ४ टक्के उपकर धरून १,२४,८०० रुपये भरावे लागतात. शेती नसती तर हाच आकडा ७८,००० रुपये झाला असता.

यातूनच एक दुसरी गोष्ट निघते, जी मराठवाड्यातल्या हजारो विवरणपत्रांना लागू पडेल. अनुमानित नफा दाखवणाऱ्यांसाठी असलेला सोपा नमुना, म्हणजे आयटीआर-४ ‘सुगम’, शेती उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंत असेल तरच वापरता येतो. त्याहून जास्त शेती उत्पन्न असणाऱ्याने अनुमानित नफाच दाखवायचा असला तरी आयटीआर-३ भरायला हवा. निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल, तर त्यात जमिनीचा जिल्हा, क्षेत्र, ती स्वतःची आहे की कसायला घेतलेली, बागायत आहे की कोरडवाहू, हेही भरावे लागते. त्यासाठी सातबारा हाताशी ठेवावा आणि पट्ट्या, खते-बियाण्यांची बिले व मजुरीची टिपणे वेगळ्या फाइलीत लावावीत.

शेतावर मिळणारा प्रत्येक पैसा शेतीचा नसतो, हेही ध्यानात घ्यावे. दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, आणि आपला ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र दुसऱ्याच्या शेतावर भाड्याने पाठवून मिळालेली रक्कम हे करपात्र उत्पन्न आहे.

कापून घेतलेला कर आणि विभागाकडची माहिती

विवरणपत्र लिहायला बसण्यापूर्वी आयकर पोर्टलवरून फॉर्म २६एएस (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तपशील) आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवून घ्यावे आणि आपल्या कीर्दीशी ओळीने ताडून पाहावे. व्यावसायिक शुल्क वर्षात ५०,००० रुपयांच्या वर गेले की कंपनी साधारणतः १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापते, तर वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याचे जॉबवर्क करणाऱ्या व्यक्तीचा सामान्यतः १ टक्का कापला जातो. कापलेला कर तुमच्या पॅनवर दिसत नसेल, तर कापणाऱ्याने तो भरलेला नाही किंवा पॅन चुकीचा टाकला आहे. अशा वेळी त्याच्या लेखा विभागाला लेखी कळवून दुरुस्ती करून घ्यावी लागते, आणि हे काम मुदतीच्या आठवड्यात होत नाही.

वर उल्लेखलेल्या संगणक व्यावसायिकाची वर्षाची जमा १४ लाख रुपये आहे आणि ती सगळी बँकेतून आली, असे धरू. ४४एडीएनुसार त्याचे उत्पन्न ७ लाख झाले, त्यावर १५,००० रुपये कर आला, आणि नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणाऱ्या करसवलतीमुळे तो शून्य झाला. त्याच्या कंपनीने ८ लाखांच्या बिलांवर ८०,००० रुपये टीडीएस कापला असेल, तर ते सगळे परत मिळायला हवेत. पण विवरणपत्र भरल्याशिवाय ते मिळत नाहीत. कर शून्य असल्याने विवरणपत्रही नको, या समजुतीपायी लोक स्वतःचे पैसे सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. शिवाय एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, किंवा धंद्याची उलाढाल ६० लाखांच्या, पेशाची जमा १० लाखांच्या वर असेल, तर कर शून्य असला तरी विवरणपत्र बंधनकारक आहे.

उलट बाजूने, टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर देणे निघत असेल, तर तो आगाऊ भरायचा असतो. ४४एडी किंवा ४४एडीएनुसार अनुमानित नफा दाखवणाऱ्यांनी तो एकरकमी १५ मार्चपर्यंत, आणि इतरांनी १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च अशा चार हप्त्यांत भरावा. मार्चमध्ये रक्कम जड जाऊ नये म्हणून दर बिलाचे पैसे आले की त्यातील अंदाजे कराचा भाग बाजूला टाकण्याची सवय लावावी.

वस्तू व सेवा कर, आणि व्यवसाय कर

महाराष्ट्रात केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्याला ४० लाखांच्या आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वार्षिक उलाढालीनंतर जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. शेतकऱ्याने स्वतः पिकवलेल्या मालासाठी ती लागत नाही. नोंदणी घेतल्यावर ज्या महिन्यात किंवा तिमाहीत विक्री झाली नाही, तिचेही निरंक विवरणपत्र भरावे लागते. जीएसटीतील विक्री आणि आयकरातील उलाढाल हे आकडे जुळले पाहिजेत, आणि ते जुळत नसतील तर कारण कीर्दीत दाखवता आले पाहिजे.

व्यवसाय कराकडे मात्र स्वतंत्र काम करणारे फार दुर्लक्ष करतात. पगारातून दरमहा कापला जाणारा तोच हा कर. नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू केले की महाजीएसटीच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने पीटीईसी, म्हणजे व्यवसाय कराचा नोंदणी क्रमांक, घेऊन वर्षाला २,५०० रुपये ३० जूनपर्यंत आपणच भरायचे असतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु वा मध्यम उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी, विनामूल्य आहे, ती अवश्य करावी. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाची वा सेवा देणाऱ्याची रक्कम लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत दिली नाही, तर माल वा सेवा घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापल्याने वसुलीला बळ येते.

विवरणपत्र भरताना

मुदतीची तारीख दरवर्षी पोर्टलवर पाहावी. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठीची ३१ जुलै २०२५ ही मुदत आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती. पण मुदतवाढ गृहीत धरून बसणे शहाणपणाचे नाही. उशीर झाल्यास ५,००० रुपयांपर्यंत शुल्क आणि थकलेल्या करावर व्याज लागते, धंद्यातील तोटा पुढे नेता येत नाही आणि जुनी कररचना निवडण्याचा हक्कही जातो. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला जुनी रचना हवी असेल, तर मुदतीपूर्वी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नव्या रचनेत परतल्यावर पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. म्हणून दोन्ही रचनांनुसार कर काढून मगच निवड करावी.

पोर्टलवरचा भ्रमणध्वनी क्रमांक आणि ई-मेल स्वतःचाच असावा. तालुक्याच्या गावी विवरणपत्र भरून देणारा अनेकदा सोयीसाठी स्वतःचा क्रमांक टाकतो, मग विभागाची नोटीस त्याच्याकडे जाते आणि उत्तराची मुदत संपली तरी मूळ माणसाला पत्ता नसतो. जास्त परतावा मिळवून देण्याचे आश्वासन देऊन खोट्या वजावटी टाकणाऱ्यापासून दूरच राहावे, कारण पडताळणी झाल्यावर कर, व्याज आणि दंड तुमच्याच पॅनवर बसतो. सादर केल्यापासून ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-पडताळणी केली नाही, तर विवरणपत्र वेळेत भरल्याचे धरले जात नाही. परताव्यासाठीचे बँक खातेही पोर्टलवर आधीच प्रमाणित करून ठेवावे.

कीर्द, खतावणी, बिले आणि बँकेचे उतारे संबंधित निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षे जपावे लागतात. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे निर्धारण वर्ष ३१ मार्च २०२७ रोजी संपते, म्हणजे ती कागदपत्रे किमान ३१ मार्च २०३३ पर्यंत हवीत. पेट्रोल पंपाच्या आणि काट्याच्या पावत्यांवरची शाई मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काही महिन्यांतच उडते, तेव्हा अशा पावत्यांची छायाचित्रे ज्या दिवशी मिळाल्या त्याच दिवशी काढून महिनावार फोल्डरमध्ये ठेवावीत.